लोणारचा खार आणि कातड्यावरची लोंकर

बुलढाणा जिल्ह्यांतील लोणारच्या सरोवराविषयीं आपल्याकडे जें लिहिलें जातें, तें बहुधा दोन प्रकारचें असतें. एक पुराणाचें आणि दुसरें आकाशाचें. पहिल्यांत लवणासुराचा संहार करणारा दैत्यसूदन विष्णु येतो, दुसऱ्यांत अंतराळांतून कोसळलेली उल्का येते. दोन्ही कथा भव्य आहेत, आणि दोहोंसही वाचक मिळतात. परंतु या सरोवरास आणखी एक इतिहास आहे. तो देवळाच्या शिखराकडे किंवा आकाशाकडे न पाहतां पाण्याच्या कांठावरील पांढऱ्या खाराकडे आणि त्याखालच्या काळ्या चिखलाकडे पाहून लिहावा लागतो. या इतिहासाचा धागा कातडें कमावण्याच्या धंद्याशीं, विशेषतः कातड्यावरून केंस व लोंकर उतरविण्याच्या क्रियेशीं जाऊन मिळतो. विषयाचें नांव ऐकूनच कांहीं वाचक नाकाला पदर लावतील. त्या पदरामुळें आपलें विद्येच्या बाबतींत काय नुकसान झालें, हें दाखविणें हाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

प्रथम खाराकडे वळूं. लोणारचें विवर सुमारें १.८ किलोमीटर रुंद व दीडशें मीटर खोल असून तें दख्खनच्या काळ्या खडकांतच कोरलें गेलेलें आहे. पाणी आंत येण्यास ओढे आहेत, झरे आहेत. बाहेर जाण्यास मात्र वाट नाहीं. पावसाचें पाणी खडकांतून झिरपतांना त्यांतील सोडियम, कॅल्शियम इत्यादि द्रव्यें आपल्याबरोबर घेऊन येतें. उन्हाळ्यांत पाण्याची वाफ होऊन जाते व द्रव्यें मागें राहतात. त्यांपैकीं कॅल्शियम चुनखडीच्या रूपानें लौकर तळाशीं बसतें, सोडियम पाण्यांतच राहतें. आणि हा क्रम हजारों वर्षें चालला म्हणजे त्या पाण्यांत मीठ आणि धुण्याचा सोडा यांचा मोठा सांठा होतो. भूगर्भ खात्याचे ला टूश यांनीं या सरोवराच्या भूशास्त्राचें आणि क्रिस्टी यांनीं त्यांतील सोड्याचें जें विवेचन केलें, तें १९१२ सालीं खात्याच्या अहवालांत प्रसिद्ध झालें. उल्कापाताचा पक्ष पक्का होण्यास मात्र १९७३ साल उजाडावें लागलें. म्हणजे लोणारच्या पाण्याचा विचार रसायनशास्त्रानें, विवराच्या जन्माचा निकाल लागण्यापूर्वीं साठ वर्षें, सुरू केला होता.

राज्यकर्त्यांनीं तर तो त्याहूनही पूर्वीं केला होता, अर्थात् आपल्या दृष्टीनें. अकबराच्या काळच्या आईन-इ-अकबरींत वऱ्हाड सुभ्याचें वर्णन करतांना मेहकर सरकारांतील लोणारचा उल्लेख आला असून, काच व साबण करण्यास लागणारीं द्रव्यें तेथें मिळतात आणि त्यांवरील जकातीचें उत्पन्न सरकारांत जमा होतें, असें सांगितलें आहे. उन्हाळ्यांत पाणी ओसरलें कीं कांठावर खाराचे थर जमत. दल्ला, खुप्पल, पापडी, भुस्की अशीं त्यांचीं निरनिराळीं नांवें होतीं. म्हणजे गोळा करणाऱ्यांस प्रत्येक थराचा गुण वेगळा आहे हें ठाऊक होतें. १८५३ सालीं वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यांत आल्यावरही सरकारचें लक्ष या उत्पन्नावर होतेंच. पुढें कारखान्यांत तयार झालेला स्वस्त सोडा बाजारांत आला आणि लोणारच्या खाराचा दिमाख उतरला. जें विकण्यासारखें होतें तें तीन शतकें विकलें गेलें. चिखलांत दुसरें कांहीं असेल, अशी शंका कोणास आली नाहीं.

आतां दुसऱ्या बाजूनें या विषयाकडे येऊं. क्षार आणि कातडें यांची गांठ फार प्राचीन काळीं पडलेली आहे. मेलेल्या जनावराचें कातडें तसेंच ठेवलें तर कुजतें, वाळविलें तर लांकडासारखें कडक होतें. त्याचें चामडें करावयाचें म्हणजे प्रथम केंस काढावे लागतात, मग मांसाचे अवशेष खरवडावे लागतात आणि नंतर झाडाच्या सालींतील तुरट द्रव्य आंत मुरवावें लागतें. आपल्या गांवाबाहेरच्या कुंडांत हें काम ढोर, चांभार इत्यादि जातींचे लोक पिढ्यान् पिढ्या करीत आले. कातडें चुन्याच्या पाण्यांत आठवडा-पंधरवडा भिजत घालावयाचें, केंस सुटूं लागले कीं बोथट सुरीनें ते ओढून काढावयाचे, पुनः पुनः धुवून चुना घालवावयाचा, आणि मग बाभळीची किंवा तरवडाची साल व हिरडा यांच्या काढ्यांत तें ठेवावयाचें. कातड्याची पिशवी शिवून तींत हा काढा भरून ती टांगून ठेवण्याचीही रीत होती.

या धंद्यावांचून गांवाचा एक दिवस जात नसे. विहिरीवरची मोट चामड्याची, बैलांचे पट्टे चामड्याचे, पायांतील वहाणा चामड्याच्या, देवापुढील ढोलकी चामड्यानें मढविलेली. तेलातुपाचे बुधले देखील चामड्याचेच असत. ज्या मोटेच्या पाण्यावर सोंवळ्यांतल्या स्वयंपाकाचा भाजीपाला पिकला, ती मोट ज्याच्या हातानें कमावली गेली, त्याची सावली मात्र आपल्याला चालली नाहीं. या अन्यायाचा सामाजिक बाजूनें विचार पुष्कळ झाला आहे आणि तो व्हावयासच हवा होता. त्याची शास्त्रीय बाजू मात्र सहसा कोणी बोलून दाखवीत नाहीं. ती अशी कीं, चुन्याच्या त्या कुंडांत प्रथिनांच्या रसायनशास्त्रांतील एक अत्यंत सूक्ष्म प्रश्न रोज उभा राहत होता. तो हातांनीं सोडविणाऱ्यास अक्षर येत नव्हतें आणि ज्यांस अक्षर येत होतें ते कुंडापासून शंभर पावलें दूर उभे होते.

तो प्रश्न कोणता तें पाहूं. केंस, लोंकर, नख व शिंग हीं केराटिन नांवाच्या प्रथिनाचीं बनलेलीं असतात. कातड्याचा जो भाग पुढें चामडें होतो तो कोलॅजेन नांवाच्या प्रथिनाचा असतो. दोन्ही प्रथिनेंच, परंतु घडण निराळी. केराटिनांत गंधकाचा अंश बराच असतो. लोंकरींत तो शेंकडा तीन-चार भाग भरतो. लोंकर जळतांना जो उग्र वास येतो त्यांत या गंधकाचा वांटा आहे. केराटिनाच्या लांबच लांब सांखळ्या एकमेकींस गंधकाच्या दुव्यांनीं जोडलेल्या असतात. म्हणून लोंकर पाण्यानें विरत नाहीं आणि पोटांतील पाचक रसांसही दाद देत नाहीं. चुन्याच्या जोडीला सोडियम सल्फाइड घातलें तर हे दुवे तुटतात आणि केंसांचा अक्षरशः चिखल होतो. आधुनिक कारखान्यांनीं हीच रीत उचलली, कारण ती जलद आहे. परंतु तींत लोंकर तर नष्ट होतेच, शिवाय विरघळलेलें प्रथिन, चुना आणि सल्फाइड हीं सर्व सांडपाण्यांत जातात. त्या पाण्यांत अम्ल मिसळलें तर सडक्या अंड्याच्या वासाचा विषारी वायु सुटतो आणि त्यानें माणसें दगावतात. चामड्याच्या कारखान्यांमुळें ज्या नद्या नासल्या, त्यांच्या दुखण्याचा मोठा भाग केंस काढण्याच्या या एका पायरींत आहे.

बैलाच्या केंसांची कोणी फारशी पर्वा करीत नाहीं. मेंढीची गोष्ट निराळी. तेथें कातड्याइतकीच, कधीं कधीं त्याहून अधिक, लोंकरीला किंमत असते. कातडें राखावयाचें आणि लोंकरही राखावयाची, असा हा दुहेरी पेंच आहे. त्याची गुरुकिल्ली अशी कीं, केंसाचा वर आलेला भाग घट्ट व कठीण असला तरी त्याचें मूळ ज्या पेशींत रुतलेलें असतें त्या मऊ असतात. त्यांत गंधकाचे दुवे अजून पक्के जुळलेले नसतात. या मऊ पेशी तेवढ्या सैल केल्या तर लोंकर मुळासकट अलगद निघते, तिला धक्का लागत नाहीं. चुलींतून रताळें काढावयाचें असेल तर भोंवतालची राख बाजूला करावी, रताळें चिरडूं नये. तसाच हा प्रकार.

फ्रान्सच्या दक्षिणेस माझामे नांवाचें एक गांव आहे. १८५१ पासून तेथें अर्जेंटिनाच्या बाजूनें व पुढें ऑस्ट्रेलियांतून मेंढ्यांचीं कातडीं येऊं लागलीं आणि लोंकर सोडविणें हाच त्या गांवाचा जगप्रसिद्ध उद्योग झाला. तेथील रीत साधी होती. कातडीं नदीच्या पाण्यांत भिजवून बंद, उबदार, दमट खोल्यांत कांहीं दिवस टांगून ठेवीत. कुजण्याची क्रिया सुरू होई, मुळें ढिलीं पडत आणि कामगार लोंकर उतरवून घेत. थोडा उशीर झाला तर कातडेंही कुजे. म्हणजे कुजणें किती होऊं द्यावयाचें आणि कोठें थांबवावयाचें, हें नाक व बोटें यांच्याच भरंवशावर चाले. हें काम कोण करतें, तर सूक्ष्मजंतु. आणि ते कशानें करतात, तर प्रथिनें पचविणाऱ्या एन्झाइमांनीं, म्हणजे पाचक किण्वांनीं. परंतु ही गोष्ट उलगडण्यास विसावें शतक यावें लागलें.

ती उलगडली तीही अशाच एका ओंगळ वस्तूच्या अभ्यासांतून. चुन्यांतून निघालेलें कातडें मऊ करण्यासाठीं युरोपांतील चर्मकार कुत्र्याची विष्ठा व कबुतरांची शीट वापरीत. नॉटिंगहॅम येथील जोसेफ टर्नी वुड या चर्मव्यवसायी गृहस्थानें या किळसवाण्या द्रव्याचा वर्षानुवर्षें शास्त्रीय अभ्यास केला आणि १९१२ सालीं त्यावर एक ग्रंथच लिहिला. जर्मनींत ओटो रोम या रसायनज्ञानें विष्ठेंतील गुण पाचक एन्झाइमांचा आहे हें ओळखून, जनावराच्या स्वादुपिंडापासून काढलेलें ‘ओरोपॉन’ नांवाचें द्रव्य बाजारांत आणलें. १९०७ सालीं त्यानें हास या भागीदारासह स्थापन केलेला कारखाना या एका पदार्थावर उभा राहिला. पुढें त्यानें एन्झाइमांनीं केंस काढण्याचाही मार्ग शोधला आणि कपडे धुण्याच्या द्रव्यांतही एन्झाइम घातलें. तेव्हां चर्मालय आणि धोबीघाट हीं दोन्ही औद्योगिक जीवरसायनाचीं माहेरघरें होत, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

लोंकरीनें तर शुद्ध शास्त्रालाही पुष्कळ दिलें. इंग्लंडांतील लीड्स हें लोंकरीच्या गिरण्यांचें शहर. तेथें ॲस्टबरी यानें १९३० नंतरच्या दशकांत क्ष-किरणांनीं लोंकरीच्या तंतूंची आंतील रचना पाहण्यास आरंभ केला आणि प्रथिनांच्या सांखळ्या दुमडलेल्या असतात, ओढल्या असतां सरळ होतात, ही कल्पना पुढें आली. त्याच शहरांतील लोंकर-उद्योगाच्या संशोधनसंस्थेंत मार्टिन आणि सिंज या दोघांनीं लोंकरींतील अमिनो अम्लें वेगळीं करण्यासाठीं वर्णलेखनाची, म्हणजे क्रोमॅटोग्राफीची, एक नवी पद्धति १९४१ सालीं मांडली. आज जगांतील प्रत्येक रासायनिक प्रयोगशाळेंत तिचा वंशविस्तार दिसतो. १९५२ चें नोबेल पारितोषिक त्या दोघांस मिळालें. लोंकर सौम्य सोड्यांत उकळली तर तिच्यांतील गंधकाचे दुवे बदलून एक निराळेंच अमिनो अम्ल तयार होतें, हेंही १९४१ सालींच अमेरिकेंत सिद्ध झालें. लोणारच्या खारानें लोंकर कां बिघडेल याचें उत्तर त्यांत आहे. लीड्सच्या या वैभवाचें कारण तेथील माणसें आपल्या माणसांहून बुद्धिमान होतीं हें नव्हे. तेथें गिरणीची घाण आणि विद्यापीठाचा फळा यांमध्यें भिंत नव्हती, हें होय.

आपल्याकडे ही भिंत फोडण्याचे प्रयत्न झालेच नाहींत असें नाहीं. मद्रासेंत आल्फ्रेड चॅटर्टन यानें १९०३ सालीं क्रोम धातूच्या क्षारांनीं चामडें कमावण्याचे प्रयोग सुरू केले, ते मुख्यतः विहिरीवरच्या मोटेसाठीं टिकाऊ चामडें मिळावें म्हणून. वर्ध्याजवळ नालवाडी येथें गोपाळराव वाळुंजकरांनीं गांधीजींच्या प्रेरणेनें चर्मालय चालविलें. कोकणांत अप्पासाहेब पटवर्धन या तत्त्वज्ञानाच्या एम. ए. नें मेलेलीं जनावरें स्वतः सोललीं आणि कणकवलीच्या गोपुरी आश्रमांत चामडें कमावण्याचें काम उभें केलें. त्या काळीं सुशिक्षित ब्राह्मणानें हें करणें म्हणजे काय, याची कल्पना आजच्या तरुण वाचकांस सहजासहजीं येणार नाहीं. १९४८ सालीं मद्रासेंत केंद्रीय चर्मसंशोधन संस्था स्थापन झाली. तिच्या शेजारच्याच विद्यापीठांत जी. एन्. रामचंद्रन् यांनीं कोलॅजेनाच्या अभ्यासासाठीं याच संस्थेकडे नमुन्यांची मागणी केली, आणि १९५४ सालीं गोपीनाथ कर्था यांच्यासह कोलॅजेन तीन सांखळ्यांच्या पिळाचें असतें हें मांडलें. चामड्याची संस्था आणि पदार्थविज्ञानाचा प्राध्यापक एकमेकांचे शेजारी असल्यावर काय घडूं शकतें, याचा हा घरचाच दाखला आहे. लीड्सला जाण्याचें कारण नाहीं.

आतां लोणारकडे परत येतां येईल. चुन्याच्या कुंडाचें पाणी अतिशय क्षारधर्मी असतें. स्वादुपिंडाचें किंवा साध्या जंतूंचें एन्झाइम अशा पाण्यांत फार वेळ तग धरीत नाहीं. म्हणून चर्मकारास क्षारांत टिकणारें एन्झाइम हवें होतें. तें कोठें मिळणार? जपानचे कोकी होरिकोशी हे १९६८ सालीं फ्लॉरेन्स शहरांत होते. तेथील वास्तु जपानी वास्तूंहून किती निराळ्या, हें पाहतांना त्यांच्या मनांत आलें कीं, जंतूंचीही एखादी निराळी सृष्टि आपण न शोधल्यामुळेंच अज्ञात राहिली असेल. परत जाऊन त्यांनीं जंतूंच्या अन्नांत सोडा मिसळला आणि त्यांत चिमूटभर माती टाकली. दुसऱ्या दिवशीं नळ्या जंतूंनीं गढूळ झाल्या होत्या. क्षारांतच सुखानें वाढणाऱ्या या जंतूंचीं प्रथिनपाचक एन्झाइमें लवकरच उद्योगास उपयोगी ठरलीं. होरिकोशींनीं नळींत जो सोडा घातला, तो लोणारच्या सरोवरांत निसर्गानें हजारों वर्षांपूर्वींच घालून ठेवला होता. तेथील पाण्याचा पीएच मान बहुधा साडेनऊ ते साडेदहा असतो. सात म्हणजे शुद्ध पाणी, आणि पुढें प्रत्येक अंकास क्षारता दसपट, हें लक्षांत घेतलें म्हणजे त्या पाण्यांत जगणें किती कठीण आहे हें समजेल.

पुण्यांत १९४६ सालीं शं. पु. आघारकर यांच्या नेतृत्वाखालीं महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी स्थापन झाली. १९९२ पासून तिच्या संशोधनसंस्थेस त्यांचेंच नांव आहे. या संस्थेंतील डॉ. प्रज्ञा कानेकर व त्यांचे सहकारी यांनीं लोणारच्या सरोवरांतून क्षारप्रिय जंतु वेगळे केले आणि त्यांपैकीं आर्थ्रोबॅक्टर रॅमोसस व बॅसिलस अल्कॅलोफिलस यांच्या प्रथिनपाचक एन्झाइमांवरील काम २००२ सालीं प्रसिद्ध केलें. याच संस्थेनें २००७ सालीं म्हशीच्या कातड्यावरील केंस काढणाऱ्या एका जंतूचें एन्झाइम प्रसिद्ध केलें. मात्र तो जंतु लोणारचा नव्हे, म्हशीच्या कातड्यावरच सांपडलेला होता, हें स्पष्ट सांगितलें पाहिजे. पुण्याच्याच राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेंतील संशोधकांनीं १९९८ सालीं जंतूंच्या प्रथिनपाचक एन्झाइमांचा जो विस्तृत आढावा लिहिला, तो जगभर आधारभूत मानला जातो. लोणारच्या चिखलाचा शोध त्यानंतर विदर्भ-मराठवाड्यांतील विद्यापीठांतूनही चालू राहिला.

येथें वाचकांनीं एकदम हर्षभरित होऊं नये. नळींत केंस सुटणें निराळें आणि रोज शेंकडों कातडीं निघणाऱ्या कारखान्यांत सुटणें निराळें. एन्झाइमांत कोलॅजेनास धक्का लावणारा अंश किंचितही असला तर चामड्याचा पृष्ठभाग खराब होतो. तें वेळेवर थांबवावें लागतें. बारीक केंस कधीं कधीं मागें राहतात. आणि चुना व सल्फाइड यांच्या मानानें तें महाग पडतें. म्हणून जुनी रीत अजून मोडलेली नाहीं. परंतु नदीची किंमत, कुंडांत उतरणाऱ्या कामगाराच्या फुप्फुसांची किंमत आणि वांचलेल्या लोंकरीची किंमत हिशेबांत धरली तर महाग कोणतें व स्वस्त कोणतें, याचा निर्णय बदलेल. तो हिशेब मांडणें हें रसायनज्ञाचें एकट्याचें काम नाहीं.

दुसरी चिंता खुद्द सरोवराची आहे. २००० सालीं या परिसरास अभयारण्याचा दर्जा मिळाला. २०२० च्या जूनमध्यें पाणी गुलाबी झालें तेव्हां सारा देश तें पाहण्यास धांवला, आणि क्षारप्रिय सूक्ष्मजीवांच्या रंगद्रव्यामुळें तें घडलें असें आघारकर संस्थेच्या तपासणींत आढळलें. त्याच वर्षीं रामसर करारानुसार आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींत त्याची गणना झाली. हें सर्व चांगलें झालें. परंतु वस्तीचें सांडपाणी, शेतांतून येणारें खतांचें पाणी आणि गोड्या पाण्याचा वाढता शिरकाव यांमुळें सरोवराची क्षारता पातळ होण्याचा धोका राहतो. इतर तलावांत गोडें पाणी आलें तर आपण आनंद मानतों. लोणारला तें मारक आहे. तेथील खारटपणा गेला तर विवर राहील, देवळें राहतील, उल्केची कथाही राहील, पण जे जंतु हजारों वर्षें त्या एका पाण्यासाठीं घडले, ते राहणार नाहींत. आणि त्यांतील बहुतेकांचीं नांवेंही आपण अजून ठेवलेलीं नाहींत.

अकबराच्या कारकुनानें लोणारला जकात पाहिली, पुराणिकानें असुर पाहिला, भूशास्त्रज्ञानें उल्का पाहिली. चुन्याच्या कुंडाशीं उभ्या असलेल्या चर्मकारास जें हवें होतें, तें त्याच पाण्यांत होतें. परंतु त्याच्या गरजेची वार्ता सरोवरापर्यंत आणि सरोवराची वार्ता त्याच्यापर्यंत पोंचविणारा कोणी नव्हता. ती वार्ता पोंचविण्याचें काम विद्येचें होतें. विद्येनें तें करावयास फार उशीर केला आहे, आणि अजूनही आपल्या महाविद्यालयांतून रसायनशास्त्र घेऊन बाहेर पडणाऱ्या किती विद्यार्थ्यांनीं चर्मालयाचा उंबरठा ओलांडला असेल, हें प्रत्येक शिक्षकानें आपल्या वर्गापुरतें मोजून पाहावें.